बसच्या डिकीची दारं: लॉक बदलायच्या आधी हे वाचा

हल्ली आपल्याकडं सांगली-मिरज भागात जुनी ट्रॅव्हल्सची बस घेऊन तिचं काहीतरी वेगळंच करायचं वाढलंय. कोण फिरायला कॅम्पर करतंय, कोण दिंडीसाठी स्वयंपाकाची गाडी करतंय, कोण केटरर आहे त्यानं अख्खं किचनच बसमध्ये बसवलंय. आत प्लायवूड, एलईडी पट्ट्या, पडदे सगळं झकास, आणि बाहेर डिकीची, म्हणजे बाजूला खाली सामान ठेवायच्या कप्प्याची, दारं मात्र तीच जुनी, एक तारेनं बांधलेलं, दुसऱ्याला लाथ घातल्याशिवाय लॉक लागत नाही, तिसरं उघडलं की डोक्यावर येतं. विचारलं की म्हणतात चालतंय हो, कुठं कोण चोरणाराय.

चोरीचं सोडा. वर बिजागरी असलेलं दार चालत्या गाडीत उघडलं की ते आडवं होऊन दोन-अडीच फूट बाहेर येतं, आणि ती उंची बरोबर शेजारनं जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या छाती-तोंडाची. हायवेला शेजारनं कंटेनर गेला की हवेचा जो ओढा बसतो त्यानं अर्धवट लागलेलं दार उचललं जातं, ड्रायव्हरला आरशात दिसलं तर दिसलं. म्हणून हे काम आतल्या फर्निचरच्या आधी करायचं, नंतर नाही.

आता मुद्द्याचं. दार लागत नाही म्हटलं की दहातले आठ जण लॉक बदलतात. नवीन लॉक महिनाभर लागतं, परत तेच. कारण दोष लॉकात नसतोच, उंबऱ्यात असतो. उंबरा म्हणजे दाराच्या खालची ती आडवी पट्टी, जिच्यावर स्ट्रायकर, म्हणजे लॉकची जीभ जिथं अडकते तो तुकडा, बसवलेला असतो. मूळ बस प्रवाशांच्या बॅगा न्यायला केलेली, तुम्ही त्याच डिकीत २०० लिटरची पाण्याची टाकी ठेवली, म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो झालं, वर दोन इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, जनरेटर, आणि हे सगळं कायम तिथंच. डिकीचा तळ हळूहळू खाली बसतो, तळाबरोबर उंबरा बसतो, उंबऱ्याबरोबर स्ट्रायकर. पाच-आठ मिलिमीटर खाली गेला की लॉकची जीभ नुसती टोकावर टेकलेली राहते. बाहेरनं बघितलं तर दार बंद. गाडी खड्ड्यात आपटली की सुटलं.

तपासायचं कसं तर आधी गाडी सपाट जागेवर लावा, पेट्रोल पंपाचं काँक्रीट चांगलं असतं, शेतातल्या बांधावर उभी करून मापं घेऊ नका कारण बसची बॉडी पिळली जाते आणि सगळी मापं खोटी येतात. मग उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक नायलॉन दोरी ताणून बांधा, मधे किती फट पडते बघा. टाकी भरलेली असताना एकदा आणि रिकामी असताना एकदा बघा. दोन्हीत फरक आला तर तुमचा तळ वजन पेलत नाहीये, मग दाराला हात लावायच्या आधी तळाखाली आडवे सपोर्ट द्या, आणि ते सपोर्ट चॅसिसवरच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या पट्टीला, धरून पाहिजेत, नुसते पत्र्याला वेल्डिंगचे टाके मारून उपयोग नाही. चॅसिसच्या मुख्य लांब पट्ट्यांना मात्र स्वतः वेल्डिंग करू नका, भोकंपण पाडू नका, तिथं बोल्टच्या क्लॅम्पनं काम भागतं का ते आधी बघायचं.

दुसरी तपासणी दाराच्या चौकटीची. चारी कोपऱ्यांतनं टेपनं तिरकी मापं घ्या, दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत, चार-पाच मिलिमीटरच्या वर फरक असेल तर चौकट झुकलीय. दार बंद करून चारी बाजूची फट बघा, एका बाजूला बोट जातंय आणि दुसऱ्या बाजूला रंग खरवडलाय असं असेल तर तो खरवडलेला रंगच सांगतो कुठं घासतंय. मग एक गंमत करा, पुढचं एक चाक चार इंची लाकडी ठोकळ्यावर चढवा आणि त्या अवस्थेत दार उघड-बंद करून बघा. एवढ्यात दार जाम झालं किंवा लॉक सुटलं तर कच्च्या रस्त्याला हेच होणार, आणि हा रोग दाराचा नाही, बॉडीच्या जोडांचा आहे, खाली जाऊन आडव्या ब्रॅकेटांचे टाके तुटलेत का बघा. बहुतेक वेळा तुटलेले असतात. हे बघताना गाडीखाली जाणार असाल तर चाकाला दोन्हीकडनं ओट, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावा, हँडब्रेकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही.

दार काढायच्या आधी त्याला बांबू किंवा पाईपचा टेका द्या आणि मगच गॅस शॉक, म्हणजे दार वर उचलून धरणारी गॅसची नळकांडी, काढा. बाजूची क्लिप स्क्रूड्रायव्हरनं उचकटली की गोळ्यावरनं निघतो. शॉकमध्ये दाबलेला नायट्रोजन असतो, त्याला कापायचं नाही, ठोकायचं नाही, गॅसची ज्योत जवळ न्यायची नाही, भंगारात टाकतानासुद्धा सांगून टाका. पट्टी बिजागरीचे रिव्हेट ५ मिलिमीटरच्या ड्रिलनं डोकं उडवून काढा, छिन्नी मारून काढले की पत्र्याची भोकं फाटतात आणि मग नवीन रिव्हेट धरत नाही. निघालेलं दार तोलून ठेवा, भंगारवाल्याच्या काट्यावर तोललं तरी चालेल, हे वजन पुढं लागणाराय.

गंजाचं काम. दार वरून चांगलं दिसतं, सडतं ते खालच्या तीन-चार इंचात, कारण पत्र्याची घडी तिथं असते आणि घडीत पाणी साठतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचत जा, जिथं आत जाईल तिथपर्यंत पत्रा मेला. त्याच्या पुढं अजून एक इंच चांगल्या पत्र्यात जाऊन कापायचं. आणि सांगलीत गाडी घेताना एक खास गोष्ट बघायची, ती २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात उभी होती का. विकणारा सांगणार नाही, गाडी सांगते. चौकटीच्या चौकोनी पाईपवर छोट्या हातोडीनं टकटक करत चला, चांगला पाईप खणखणीत वाजतो, आत कृष्णेचा गाळ बसलेला असेल तर भद्द आवाज येतो. तो गाळ वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो आणि पाईप आतनं खातो, बाहेरचा रंग मात्र जसाच्या तसा. असा पाईप खालनं भोक पाडून धुवून काढा, नाहीतर सरळ बदला, बदललेलाच बरा. २५ बाय २५ मिलिमीटरचा १६ गेजचा पाईप या कामाला पुरतो, आणि दाराच्या पत्र्याला १८ किंवा २० गेज. पत्र्याला सरळ घडी पाहिजे असेल तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत बेंडिंग मशीनवर करून घ्या, घरी पाटावर ठोकून केलेली घडी लाटेसारखी दिसते आणि बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, तिथं बसत नाही.

वेल्डिंगच्या आधी गाडीच्या बॅटरीची दोन्ही टोकं काढा, नवीन मॉडेल असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, कनेक्टरपण काढून ठेवा, अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. गॅसची टाकी, रॉकेल, पडदे, गाद्या सगळं खाली. डिझेल टाकी डिकीला लागूनच असते बऱ्याच गाड्यांत, तेव्हा मधे ओलं पोतं आणि हाताशी अग्निशामक. पत्र्याच्या मागच्या बाजूला कोणी प्लायवूड किंवा थर्माकोल चिकटवलंय का हे आतनं जाऊन बघायचंच, ठिणगी मागं धुमसत राहते आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेटते. जीआय पत्र्यावर वेल्डिंग करताना वरचा जस्ताचा थर ग्राइंडरनं काढून मगच टाका मारा, नाहीतर जस्त जळून निघणाऱ्या पांढऱ्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, काम मोकळ्या हवेतच करा. आणि एक सलग टाका ओढायचा नाही, एक इंच इकडं, एक इंच तिकडं, मधे गार होऊ द्यायचं. सलग ओढला की पत्रा पापडासारखा फुगतो, मग ते दार कधीच सपाट बसत नाही.

पुट्टीचं एकच सांगतो, गंजावर पुट्टी मारू नका. जोड घासा, रेड ऑक्साईड किंवा झिंक प्रायमर मारा, मग रंग. दाराच्या खालच्या घडीला ८ मिलिमीटरची दोन-तीन भोकं ठेवा पाणी निघायला आणि ती रंगानं बुजू देऊ नका. पाईपात जळकं ऑईल ओतायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, गंजाला ते चालतं पण ते झिरपून रबराच्या बीडिंगवर येतं आणि बीडिंग फुगून मऊ पडतं, त्यापेक्षा पोकळीत मारायचं वॅक्स मिळतं ते मारा.

बिजागरी. पूर्ण लांबीची पट्टी बिजागरी सगळ्यात चांगली, स्टेनलेस घ्या. दार ॲल्युमिनियमचं आणि चौकट लोखंडी असेल तर दोघांच्या मधे रबराची पातळ पट्टी किंवा सीलंटचा थर पाहिजेच, नाहीतर पावसाळ्यात ॲल्युमिनियमला पांढरी पूड सुटते आणि भोकं मोठी होतात. नुसत्या पॉप रिव्हेटवर जड दार टांगायचं नाही, चौकटीच्या बाजूला ६ मिलिमीटरचे बोल्ट किंवा रिव्हेट नट वापरा, तीन-चार इंचाला एक. आता एक बारीक गोष्ट जी कोणीच करत नाही. या बिजागरीच्या पोटात एक लांब पिन असते आणि गाडीच्या थरथरीनं ती हळूहळू एका बाजूला सरकत बाहेर येते. टोक अर्धा इंच बाहेर दिसायला लागलं म्हणजे दुसऱ्या टोकाकडं बिजागरी रिकामी झालीय. बसवल्यावर दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एक एक ठिपका द्या किंवा टोक ठोकून चपटं करा. दोन मिनिटांचं काम आहे.

काही गाड्यांना दार वर न उघडता बाजूला उघडतं. अशा दाराची बिजागरी गाडीच्या तोंडाकडच्या बाजूला पाहिजे, म्हणजे चुकून उघडलं तरी वारा त्याला परत ढकलतो. मागच्या बाजूला असेल तर पहिल्याच झटक्यात वारं दार उलटं फिरवून बॉडीवर आपटतं. एखाद्यानं दार उलटं बसवलेलं असेल तर बदलून घ्या, आळस करू नका.

गॅस शॉक दुकानात गेलं की दुकानदार हाताला लागेल तो देतो. न्यूटन त्याच्यावर छापलेले असतात, हिशोब सोपा आहे. समजा दार १८ किलोचं आणि ८० सेंटिमीटर उंच, म्हणजे वजनाचा मध्य बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर. १८ गुणिले ९.८१ गुणिले ०.४ म्हणजे साधारण ७१. आता दार पूर्ण उघडून धरा आणि शॉकच्या रेषेपासून बिजागरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा, समजा २० सेंटिमीटर आलं. ७१ भागिले ०.२ म्हणजे ३५५, शॉक दोन म्हणून निम्मे, १७७ च्या आसपास. त्याच्यावर वीस टक्के जास्त धरा, २१०-२२० झाले. मग २०० ते २५० च्या मधला घ्या. जास्त ताकदीचा चांगला असं समजून ४०० चा बसवला की दार पिळतं, आणि दार बंद असतानासुद्धा तो आतनं ढकलत राहतो, सगळा ताण लॉकवर. दार बंद असताना शॉकची रेषा बिजागरीच्या अगदी जवळनं जाईल अशी जागा निवडली तर हा ताण राहत नाही. बसवताना दार बंद असेल तेव्हा दांडा खाली आणि नळकांडं वर असं पाहिजे, आतलं तेल सीलवर राहतं. थंडीत शॉक जरा मवाळ पडतो, महाबळेश्वरला पहाटे दार अर्ध्यातच थांबलं तर घाबरू नका. पण म्हणूनच शॉकवर विश्वास ठेवून आत डोकं घालायचं नाही, प्रत्येक दाराच्या आत एक पाईपचा टेकू क्लिपमध्ये लावून ठेवा आणि टाकीचं काम करताना तो लावाच.

आता लॉक. दार, चौकट, उंबरा सरळ झाल्यावरच. स्ट्रायकरची भोकं लांबट करून घ्या म्हणजे वर-खाली सरकवता येतो. तेलात कालवलेला शेंदूर लॉकच्या जिभेला लावा, दार लावा, उघडा, आणि स्ट्रायकरवर डाग कुठं उमटलाय बघा. जीभ पूर्ण रुंदीनं बसली पाहिजे, कडेला रेघ उमटली तर अजून सरकवा. फिरत्या जिभेचं लॉक असेल तर त्याला दोन खटके असतात, पहिल्या खटक्याला दार लागल्यासारखं वाटतं पण ते अर्धंच असतं, दुसरा टक ऐकू आला पाहिजे. आणि दाराचं वजन किंवा धक्का लॉकवर येऊ नये म्हणून खालच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटे कोन किंवा रबरी गुटके लावा, दार त्याच्यावर टेकलं पाहिजे, लॉकनं फक्त धरून ठेवायचं.

एका लॉकवर कधीच सोडायचं नाही. दुसरी पकड पाहिजे आणि ती पहिल्यापेक्षा वेगळी पाहिजे, म्हणजे एकाच दांड्यावर दोन टोकं असलेलं लॉक ही एकच पकड झाली, दांडा तुटला की दोन्ही गेली. साधी ओढून दाबायची टॉगल कडी दोन्ही बाजूंना लावा आणि तिच्यात आर-पिन, म्हणजे इंग्रजी आर सारखी तारेची पिन, घाला. उभा बोल्ट लावणार असाल तर तो वरनं खाली पडणारा लावा, खालनं वर जाणारा लावला तर स्प्रिंग मेल्यावर थरथरीनं आपोआप खाली सरकतो. कडी बॉडीच्या बाहेर फार येऊ देऊ नका, आधीच रुंद गाडी आणि गावातल्या गल्ल्या. लोंबतं कुलूप असेल तर त्याखाली रबराचा तुकडा चिकटवा.

आणि दार म्हणजे भिंत नव्हे. पसरणी घाटात वळण घेताना १०० किलोची पेटी सहज ३० किलोच्या जोरानं दाराला आतनं रेटते, आणि वळणं कितीतरी आहेत. टाकी, पेट्या, बॅटऱ्या सगळं तळाला कड्या लावून रॅचेट बेल्टनं, म्हणजे दांड्यानं आवळायच्या पट्ट्यानं, बांधा, दारापासून चार बोटं आत. सामान दाराला टेकलेलं असेल तर दोन लॉक काय अन् चार काय.

ड्रायव्हरसमोर दिवा आणि बझर लावा. मोठ्या बसला २४ व्होल्ट असतं, रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, आणि दिवा त्याच मापाचा घ्या. प्रत्येक दाराला असा स्विच लावा की दार पूर्ण लागल्यावरच जोडला जाईल, दार नुसतं टेकल्यावर नाही, जमलं तर लॉकच्या जिभेवर लावा. सगळे स्विच एकामागं एक ओळीत जोडून त्यातनं रिले ओढलेला ठेवायचा आणि रिले सुटला की दिवा लागेल अशी जोडणी करायची. याचा फायदा असा की उंदरानं वायर कुरतडली तरी दिवा लागतो, उलटी जोडणी केली तर वायर तुटल्यावर दिवा लागतच नाही आणि तुम्ही निवांत. तीन अँपियरचा फ्यूज द्या.

बीडिंगचा ईपीडीएम रबर घ्या, जुना डिंक ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा, एसआर ९९८ सारखं चिकट लावून दोन्हीकडं सुकू द्या मग दाबा. जोड खालच्या बाजूला आणा, वर आणला की पाणी तिथनंच शिरतं. जाड रबर जास्त चांगलं असं नाही, जाड रबरानं दार बाहेर ढकललं जातं आणि लॉक अर्ध्या खटक्यावर राहतं. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सगळीकडं सारखी अडली पाहिजे. मग पाईपनं पाणी मारून बघा.

गॅस सिलिंडरच्या कप्प्याला मात्र हा नियम उलटा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाली की तळाला साठते, म्हणून त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं पाहिजेतच आणि ती बुजवायची नाहीत. आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या केबिनकडं आणि बॅटरीच्या कप्प्याकडं, तो पूर्ण सीलबंद. सिलिंडर उभा आणि पट्ट्यानं बांधलेला. त्या कप्प्यात इन्व्हर्टर नाही, दिवा नाही, आणि वर सांगितलेला दाराचा स्विचसुद्धा साधा लावायचा नाही, चुंबकाचा सीलबंद स्विच बाहेरच्या बाजूला लावा. बॅटरीच्या कप्प्याचं बरोबर उलटं, तिथला वायू हलका, हवेची भोकं वर.

झालं की लगेच लांब जाऊ नका. टाकी भरा, सामान भरा, दार आणि चौकट दोन्हीवर खडूनं एक सलग रेघ ओढा आणि खराब रस्त्यावर हळू पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. रेघ तुटली, म्हणजे दाराची आणि चौकटीची रेघ एकासमोर एक राहिली नाही, तर दार सरकतंय. नट परत आवळा, पहिल्या आठवड्यात बोल्ट बसतात थोडे. मग हायवे. खंबाटकीच्या आधी चहाला थांबाल तेव्हा एक फेरी मारून सगळ्या कड्या हातानं ओढून बघायची, नुसतं बघून कळत नाही.

कागदाचं थोडक्यात. गाडीत बदल करायचे तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. दुरुस्ती म्हणजे जुन्या जागी तसंच दार, त्याला सहसा कोण विचारत नाही, पण डिकीच कापून मोठी केली, दाराच्या जागी खिडकी काढली, तर आधी आरटीओत जाऊन बोला, एमएच १० असो नाहीतर एमएच ११, आधी विचारलेलं स्वस्त पडतं.

रस्त्यात लॉक तुटलंच तर गाडी डाव्या बाजूला पूर्ण खाली घेऊन, पार्किंग लाईट चारी लावून, मागं त्रिकोण ठेवून मगच काम करा, उजव्या बाजूचं दार असेल तर ट्रॅफिककडं तोंड करूनच उभे राहा. रॅचेट बेल्टचा एक हूक दाराच्या खालच्या घडीत आणि दुसरा गाडीखालच्या क्रॉस मेंबरला, हवेच्या पाईपला किंवा वायरिंगला चुकूनही नाही. आवळा आणि हळू पुढच्या गावापर्यंत न्या. बेल्टचं उरलेलं टोक लोंबतं ठेवू नका, गाठ मारून आत खोचा, मागच्या चाकात गुंडाळतं.